मोकळ्या हॉलमध्ये गाणी ऐकायला सबवूफर: ३० हजारांच्या आत काय घ्यावं?

काळी_एक

हॉल, डायनिंग आणि किचन अशी मिळून एकच मोकळी जागा आहे. तिच्यासाठी सबवूफर, थोडक्यात सब (फक्त खालचे, जाड स्वर म्हणजे बास वाजवणारा वेगळा स्पीकर), घ्यायचा आहे. मापं देतो, म्हणजे सल्ला नेमका मिळेल.

हॉल १८ × ११ फूट. त्याच्याच रेषेत पुढे डायनिंग, लांबीत ९ आणि रुंदीत ८ फूट. डायनिंगच्या बाजूला उघडं किचन ८ × ८. बेडरूमकडे जाणारा १२ फुटी पॅसेज, त्याला दार नाही. उंची साडेनऊ फूट. १८ फुटी भिंतीवर टीव्ही युनिट, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. हॉलच्या एका टोकाला बाल्कनीची सरकती काच, दुसऱ्या टोकाला डायनिंग.

अँप्लिफायर यामाहा ए-एस३०१. स्पीकर ५ इंची वूफरचे बुकशेल्फ, कागदावर ५५ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला इतकी कंपनं; आकडा जितका लहान तितका स्वर खालचा). ऐकणं: ख्याल, तबला-पखवाज सोलो, नाट्यसंगीत, जॅझ, चित्रपटगीतं. सिनेमे जवळजवळ नाहीत. आवाज मध्यम, कारण वरखाली शेजारी आहेत. बजेट ३०,०००, फार तर ३५.

दुकानात सांगतात, एवढ्या जागेला १२ इंचाखाली बघूच नका. नेटवर वाचावं तर म्युझिकसाठी सील्डच, म्हणजे बंद पेटीचा हवा. चांगला १२ इंची सील्ड या पैशांत बसत नाही. मग यातलं सोडायचं काय?

मंद्रसप्तक

आधी तुमच्या संगीतात खाली किती आहे ते पाहू, म्हणजे निम्मा प्रश्न सुटेल.

काळी १ च्या गायकाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ हर्ट्झ. काळी ४ मध्ये गाणाऱ्या बाईंच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ च्या आसपास. शिवाय खर्जाच्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरच्या स्वयंभू स्वरांचाच भरणा जास्त असतो, म्हणून तंबोरा छोट्या स्पीकरवरही ओळखू येतो. डग्ग्याचा मूळ स्वर साधारण ७० ते १२० मध्ये फिरतो. डबल बासची आणि चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१.२ हर्ट्झ, पाच तारांच्या गिटारची ३०.९. पियानोची शेवटची पट्टी २७.५. नव्या चित्रपटगीतांतला सिंथ बास कधी ३५-४० पर्यंत उतरतो.

म्हणजे सोफ्यावर ३५ हर्ट्झपर्यंत सरळ आणि स्वच्छ आवाज आला की तुमचं जवळजवळ सगळं संगीत आलं. २० हर्ट्झ हा सिनेमातल्या स्फोटांचा प्रांत. ३५ वरून २० वर जायला पैसे दुप्पट-तिप्पट लागतात आणि तुमच्या कानाला त्यातलं फारसं काही मिळणार नाही. ही अट सोडलीत की बजेट पुरतं.

घनफूट

मापांवरून हिशेब करतो. हॉल १,८८१ घनफूट, डायनिंग ६८४, किचन ६०८, पॅसेज साडेतीन फूट रुंद धरला तर ३९९. एकूण सुमारे ३,५७०. सबला हॉल दिसत नाही, ही सगळी जोडलेली हवा दिसते. दुकानदार "११ बाय १८ ना, मग ८ इंची पुरेल" म्हणाला असता तर ती चूक झाली असती. १२ इंचांचा आग्रह त्या मानाने बरा, पण कारण समजून घ्या.

बास म्हणजे हलवलेली हवा. १० इंची कोनचं (स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचं) क्षेत्रफळ साधारण ३३० चौरस सेंटिमीटर, १२ इंचीचं ४८०. दोन्ही कोन मधल्या स्थितीपासून १० मिलिमीटर पुढेमागे जातात असं धरू. मग बंद पेटीतला १० इंची, जमिनीवर ठेवून, १ मीटर अंतरावर जास्तीत जास्त इतकं देतो: ४० हर्ट्झला १०३ डेसिबल, ३० ला ९८, २० ला ९१. एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते, म्हणून ही घसरण. १२ इंची या प्रत्येक आकड्यात ३ डेसिबलच्या थोडं वर भर घालतो.

तुमचा सोफा समोरच्या भिंतीपासून ११ फुटांवर. तिथपर्यंत १० डेसिबल गळाले तर १० इंचीचे ४० हर्ट्झला ९३ उरतात. भिंतीजवळ ठेवल्यावर त्यातले थोडे परत मिळतात. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकणाऱ्याला पखवाजाच्या थापेसाठी एवढं चालतं, पण हाताशी फार शिल्लक राहत नाही. ८ इंचीत तर शिल्लक नाहीच.

वॅटकडे बघून खरेदी करू नका. वॅट दुप्पट झाले तरी ३ डेसिबलच वाढतात, तेही कोनला पुढेमागे जायला जागा उरली असेल तर.

काळी_एक

हा हिशेब पहिल्यांदाच असा मांडलेला पाहिला, मनापासून आभार. मग सील्ड की पोर्टेड (पेटीला हवेसाठी भोक, म्हणजे पोर्ट, असलेला)? पोर्टेडचा बास "ढिला" असतो असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

मंद्रसप्तक

तुमच्या जागेला पोर्टेड. कारण सांगतो.

सील्ड सब आपल्या खालच्या टोकाला दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. लहान बंद खोलीत ही उतरण खोली स्वतः भरून काढते. लाटेची अर्धी लांबी खोलीच्या सगळ्यात लांब बाजूपेक्षा मोठी झाली की आत नुसता दाब वाढू-कमी होऊ लागतो आणि खालचा बास उचलला जातो. १८ फुटी बंद खोलीत हे साधारण ३१ हर्ट्झखाली सुरू होतं. तुमच्याकडे एक बाजू डायनिंगला, एक पॅसेजला उघडी आणि तिसरीकडे काच. दाब साठणारच नाही. सील्डची ती उतरण जशीच्या तशी कानावर येईल आणि "म्युझिकल" म्हणून घेतलेला सब पातळ वाटेल. नेटवरचे बहुतेक सल्ले बंद खोलीत बसून दिलेले असतात, तिथे ते बरोबरही असतात.

पोर्टेडमध्ये पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या आसपास ३ ते ६ डेसिबल जास्त मिळतात. त्याखाली मात्र तो दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. ३० च्या आसपास जुळवलेला पोर्ट असेल तर तुमचं संगीत संपतं तिथेच तो कोसळतो, म्हणून ते चालतं.

ढिलेपणाबद्दल: पोर्टमुळे होणारा उशीर त्या जुळवलेल्या स्वराच्या जवळपासच असतो, २५-३० हर्ट्झला. डग्गा आणि बास गिटार जिथे वाजतात तिथे तो नगण्य. खोलीतला एखादा स्वर घुमत राहिला तर तो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ टिकतो. लोक ज्याला ढिला बास म्हणतात तो बहुतेकदा चुकीच्या जागी ठेवलेला आणि गरजेपेक्षा वर चढवलेला सब असतो.

एक अपवाद. टर्नटेबल असेल तर वाकड्या रेकॉर्डमुळे ५-१० हर्ट्झचा हेलकावा येतो आणि पोर्टेडचा कोन आवाज न करता लांबवर हलत राहतो. तेव्हा सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे अतिखालचे स्वर कापणारा) हवाच.

लॅमिंग्टन_रोड

नावांकडे येऊ. कंपनीचं माहितीपत्रक वाचायची पद्धत आधी सांगतो, कारण तिथेच फसगत होते.

यामाहाच्या एनएस-एसडब्ल्यू०५० वर २८ ते २०० हर्ट्झ लिहिलंय, एनएस-एसडब्ल्यू१०० वर २५ ते १८०. दोन्हींच्या पत्रकात उणे १० डेसिबल हेही लिहिलेलं आहे, पण ते कोणी वाचत नाही. २५ हर्ट्झला आवाज १० डेसिबल पडलेला असेल तर कानाला तो साधारण निम्मा लागतो. क्लिप्श आर-१२०एसडब्ल्यूवर २९ ते १२० लिहिलंय, ते अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये. म्हणजे कागदावर २५ वाला २९ वाल्यापेक्षा खोल दिसतो, प्रत्यक्षात उलट आहे. वॅटचंही तसंच: यामाहाचे हे दोन्ही ५० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), क्लिप्श २०० आरएमएस आणि ४०० पीक (क्षणभरापुरती). पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेला वॅटचा आकडा) असं छापलेलं दिसलं तर पुढे वाचूच नका.

तुमच्यासाठी माझा क्रम असा. बजेटात क्लिप्श आर-१२०एसडब्ल्यू बसला, सवलतीत किंवा चांगल्या स्थितीतला वापरलेला, तर तोच. १२ इंची, पोर्टेड, फेज (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवायची सोय) आणि क्रॉसओव्हर (सबने कुठल्या स्वरापर्यंत वाजायचं ती हद्द) दोन्ही मागे आहेत. तो नाही जमला तर त्याचा धाकटा भाऊ आर-१००एसडब्ल्यू: १० इंची, १५० आरएमएस, ३२ हर्ट्झपर्यंत. मंद्रसप्तकांनी सांगितलेली ३५ ची रेषा तोही ओलांडतो. यामाहा एसडब्ल्यू१०० हा तिसरा. नम्र स्वभावाचा, हळू आवाजाला छान, पण एवढ्या हवेत त्याला लवकर धाप लागते. एसव्हीएस एसबी-१००० प्रो उत्तम सब आहे, ३२५ वॅट, अ‍ॅपवरून इक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करायची सोय). पण तो सील्ड आहे आणि बजेटच्या बाहेर. फक्त नावासाठी ताणू नका.

दोन गोष्टी टाळा. एक, होम थिएटरच्या ५.१ संचातला सुटा मिळणारा साडेसहा इंची सब. तो ६०-८० च्या मध्ये एकच उंचवटा देतो, मग गाणं कुठलंही असो, बासचा एकच स्वर वाजत राहतो. दोन, गाडीचा १२ इंची पेटीसकट. तो मोटारीच्या केबिनसाठी जुळवलेला असतो. केबिन इतकी लहान की ६०-७० हर्ट्झखालचा बास ती स्वतः उचलते. हॉलमध्ये ती मदत जाते आणि ५०-६० ला धपधप तेवढी उरते. वर १२ व्होल्टचा जड पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो.

दुहेरी_ठेका

एक वेगळं मत. एका १२ इंचीऐवजी दोन एनएस-एसडब्ल्यू०५० का नकोत? दोन सारखे सब दोन जागी ठेवले की एकाचा खड्डा, म्हणजे एखादा स्वर अशक्त होतो ती जागा, दुसरा भरतो. सोफ्याच्या तीनही जागांवर बास सारखा येतो. आणि दोघे मिळून जास्तीत जास्त ६ डेसिबल वाढतात, म्हणजे ताकदीचाही प्रश्न बराचसा सुटतो.

घनफूट

तत्त्व बरोबर आहे आणि बंद खोलीत मी याच्या बाजूने बोललो असतो. इथे दोन अडचणी. ८ इंची दोन म्हणजे क्षेत्रफळात जेमतेम एका १२ इंचीएवढे, आणि ६ डेसिबल पूर्ण मिळतात ते दोघे शेजारी असतील तर. वेगळे ठेवले की खालच्या स्वरांत जवळपास मिळतात, वर कमी. दुसरं म्हणजे ८ इंची ३५ हर्ट्झला आधीच दमलेला असतो. दोन दमलेले मिळून जास्त खोल जात नाहीत, फक्त जरा मोठ्याने वाजतात.

काळी_एक यांना एकट्याने, ठरलेल्या जागी बसून ऐकायचं असेल तर एकच मोठा. घरातली चार माणसं चार ठिकाणी बसून ऐकणार असतील तर आज एक आर-१००एसडब्ल्यू आणि वर्षा-दोन वर्षांनी तसाच दुसरा. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन सब जुळवणं हे नवख्याने अंगावर घ्यायचं काम नाही, दोघांचा फेज वेगळा वागतो.

काळी_एक

ऐकणारा बहुतेक वेळा मी एकटाच. मग आर-१२०एसडब्ल्यूच्या मागे लागतो, नाहीतर १०० आहेच. आता जागा. बाल्कनीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन फुटांची पक्की भिंत आहे. डायनिंगकडे कोपराच नाही. सोफा बाल्कनीपासून ५ फुटांवर सुरू होतो, मी बसतो ती जागा बाल्कनीपासून साधारण ७ फुटांवर.

घनफूट

७ फूट? तिथून उठा, आधी तेच सांगतो.

लांबीच्या दिशेला हॉल आणि डायनिंग मिळून २७ फूट, म्हणजे ८.२३ मीटर. त्या लांबीत दोन टोकांमध्ये घुमणारे स्वर ढोबळमानाने २१, ४२ आणि ६३ हर्ट्झ. यातला ४२ वाला लांबीच्या पाव भागावर जवळजवळ नाहीसा होतो. २७ चा पाव म्हणजे पावणेसात फूट, नेमकी तुमची जागा. ४१ हर्ट्झ ही बास गिटारची मोकळी तार. सब कितीही मोठा आणा, तिथे बसलात तर ती तार अशक्तच ऐकू येईल. दोन फूट सरकून बाल्कनीपासून ९ फुटांवर बसा, ४२ परत येतो. सोफ्याच्या मधल्या गादीवर बसण्याइतकंच काम आहे. किचन आणि पॅसेजमुळे आकडे थोडे हलतील, पण दिशा हीच.

रुंदीचा ११ फुटी स्वर ५१ हर्ट्झ. सब एका भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला, दोन्ही जागा त्या स्वराला जोरदार. ५१ ला उंचवटा येणार हे धरून चला. सोफा दीड फूट पुढे ओढा असं लोक सांगतात, पण ५१ साठी त्याने एक डेसिबलही फरक पडत नाही. तो इक्यूनेच उतरवावा लागतो, त्याचं पुढे.

मंद्रसप्तक

सब ठेवायला तुमच्याकडे दोन जागा.

अ) टीव्हीच्या भिंतीला, बाल्कनीकडचा पक्का कोपरा. सरकती काच खालच्या स्वरांना भिंत नाही, बास तिच्यातून बाहेर जातो. म्हणून सब त्या पावणेदोन फुटी पक्क्या तुकड्याला चिकटून हवा, काचेसमोर नको. भिंतीपासून अंतर १ फुटाच्या आत ठेवा. ३ फूट पुढे आणलात तर मागच्या भिंतीवरून परत येणारी लाट ९४ हर्ट्झच्या आसपास आवाज खाते, ते नेमकं स्पीकरशी जुळणीच्या जवळ येतं. फुटाच्या आत असला की तो खड्डा २८० च्या वर जातो, सबचा त्याच्याशी संबंध उरत नाही.

ब) सोफ्याच्या बाल्कनीकडच्या टोकाला, कोपऱ्यातल्या टेबलाच्या जागी. मोकळ्या हॉलसाठी मला हीच जास्त पटते. ११ फुटांवरून ऐकण्याऐवजी साडेतीन-चार फुटांवरून ऐकता, तेव्हा अख्खं ३,५७० घनफूट भरायची गरजच उरत नाही. कागदावर ९-१० डेसिबलचा फायदा, खोलीत त्यातला निम्मा धरा. तेवढाच सबचा आवाज कमी ठेवता येतो, म्हणजे शेजाऱ्यांकडेही कमी जातो. अजून एक: सबचा लो-पास फिल्टर (वरचे स्वर कापणारा) स्वतःच काही मिलिसेकंद उशीर लावतो. सब कानाजवळ असला की तो उशीर बराचसा भरून निघतो.

याला अट एकच. क्रॉसओव्हर ८० च्या वर न्यायचा नाही. नाहीतर बास एका बाजूने येतोय हे कळायला लागतं.

अ आणि ब यातलं नक्की करायला जुना उपाय: सब उचलून सोफ्यावर, तुमच्या डोक्याच्या जागी ठेवा. बास एकेक स्वर चालत जातो असा एखादा तुकडा किंवा ३० ते ८० चा सावकाश चढता स्वर लावा. मग दोन्ही जागी जमिनीवर कान सबच्या कोनच्या उंचीला आणून ऐका. जिथे सगळे स्वर सारख्या वजनाने येतात ती सबची जागा. जिथे सगळ्यात जोरात वाजतो ती जागा निवडू नका, तिथे बहुतेक एकच स्वर फुगलेला असतो.

काळी_एक

उत्तम. जोडणी? ए-एस३०१ ला सब आउट (सबसाठीचं वेगळं आउटपुट) आहे.

लॅमिंग्टन_रोड

मग सब आउटपासून एक आरसीए वायर, सबच्या एलएफई (सिनेमाच्या खास बाससाठीचं इनपुट) किंवा डाव्या इनपुटला. झालं. ज्यांच्या अँपला सब आउट नाही त्यांनी सबला स्पीकरच्या खिट्ट्या असतील तर तिथून, स्पीकरला समांतर जोडावं. सबचं हे इनपुट उच्च रोधाचं असतं, अँपवर भार येत नाही. पण आर-१२०एसडब्ल्यू घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याला फक्त आरसीए आहे.

इथे एक धोका. टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ या चिपवरचे छोटे डिजिटल अँप ब्रिज पद्धतीने चालतात, त्यांची काळी खिट्टी म्हणजे ग्राउंड नव्हे. सबच्या आत डावी-उजवी काळी एकत्र जोडलेली असेल तर अँप जळू शकतो. सब घेण्याआधी मीटरने दोन्ही काळ्या खिट्ट्यांमध्ये कंटिन्युइटी (त्या आतून जोडलेल्या आहेत का) तपासा. मीटर वाजला तर त्या अँपला ही जोडणी नको.

आता जुळणी, क्रमाने:

१. बुकशेल्फचे पोर्ट गुंडाळलेल्या मोज्याने किंवा स्पंजने बंद करा. तुमचा अँप स्पीकरला खालचे स्वर कापून देत नाही. पोर्ट बंद केला की स्पीकर ७० च्या आसपासपासून हळू उतरतो आणि सबशी सांधा सोपा होतो.
२. ए-एस३०१ वरचा लाउडनेस (हळू आवाजासाठी स्वरांचा तोल बदलणारा) फ्लॅटला ठेवा. तो चालू ठेवून सब जुळवलात तर सगळं खोटं जुळतं.
३. सबचा क्रॉसओव्हर ७०-७५. सबवर एलएफईचं बटण असेल तर ते बंद, नाहीतर क्रॉसओव्हरचा खटका चालतच नाही. एव्ही रिसीव्हरवाल्यांनी (होम थिएटरचा अँप) याच्या उलट: बटण चालू आणि क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्ये.
४. स्पीकर आणि सब दोन्ही चालू ठेवून ७५ हर्ट्झचा सरळ स्वर लावा, जागेवर बसा आणि दुसऱ्या कोणाला फेज ० आणि १८० करायला सांगा. ज्यात स्वर मोठा येतो तो बरोबर.
५. आवाजाचा खटका शून्यावरून हळू चढवा. सब बंद केला की गाणं पोकळ वाटलं पाहिजे, चालू असताना मात्र तो आहे हे कळता कामा नये. रोज ऐकता त्या आवाजालाच हे करा. हळू आवाजात कान बासला बहिरा होतो, म्हणून मोठ्या आवाजात जुळवलेला सब रात्री गायब वाटतो.

मंद्रसप्तक

पाचव्या पायरीनंतर डग्गा लावून बघा, आपल्या संगीतात यासारखी कसोटी नाही. घिस्सा मारताना मनगटाच्या दाबाने स्वर ७०-८० वरून वर सरकत जातो, म्हणजे नेमका तुमच्या क्रॉसओव्हरवरून चालत जातो. जुळणी बरोबर असेल तर घिस्सा अखंड ऐकू येतो आणि तबला-डग्गा एकाच माणसाच्या दोन हातांत राहतात. मध्येच तो सरकणारा स्वर बारीक होऊन पुन्हा उमटला तर फेज चुकलाय. सुरुवातीला जाड आणि पुढे अचानक हलका झाला तर सब जास्त चढलाय. डग्गा कोपऱ्यातून येतोय असं वाटलं तर क्रॉसओव्हर ५-१० हर्ट्झ खाली घ्या.

विलंबित एकतालाचं रेकॉर्डिंग घ्या. दोन धिं मधली शांतता ऐका. आधीचा धिं त्या शांततेत घुमत राहिला तर तो ५१ चा उंचवटा.

घनफूट

त्या ५१ चं. लॅपटॉपवरून ऐकत असाल तर विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे. त्यात एक पीकिंग फिल्टर (एका स्वराभोवतीच कमी-जास्त करणारा): ५१ हर्ट्झ, उणे ५ डेसिबल, क्यू ४ (क्यू जितका मोठा तितका फिल्टर अरुंद). ऐकून उणे ३ ते ७ मध्ये हलवा. फोनवरून ऐकणाऱ्यांनी पॅरामेट्रिक इक्यू (स्वर, डेसिबल आणि क्यू स्वतः ठरवता येतो असा) असलेला प्लेअर घ्यावा. उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. खड्ड्यात दोन लाटा एकमेकींना खोडत असतात, तिथे ६ डेसिबल वाढवले की सबवर चौपट भार पडतो आणि कानाला काहीच मिळत नाही.

मोजून करायचं असेल तर रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत यूमिक-१ सारखा यूएसबी माईक. फोनच्या माईकवर ५० च्या खालच्या आकड्यांवर विसंबू नका, बऱ्याच फोनमध्ये बोलण्यासाठी खालचे स्वर कापलेले असतात. सोफ्यावरच्या दोन गाद्यांची तुलना करायला मात्र तो पुरतो.

तळमजला

शेजाऱ्यांचं आणि खडखडाटाचं कोणी बोललं नाही.

सबखालचे फोमचे पॅड हवेतून जाणारा बास अडवत नाहीत. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिला दोन इंच फोम दिसतही नाही. पॅडचा उपयोग एवढाच की पेटीचा थरथराट लादीत उतरत नाही. त्यासाठी ते जरूर घ्या, पण त्यांच्या भरवशावर रात्री अकराला आवाज चढवू नका.

नवा सब "फुटका" वाजतो असं वाटलं तर आधी घर तपासा. ३० ते ९० चा सावकाश चढता स्वर लावून हॉलभर फिरा. शोकेसच्या सरकत्या काचा, बाल्कनीच्या दाराचा सैल ट्रॅक, पीओपीतल्या दिव्यांच्या स्प्रिंगा, ओट्यावरच्या मांडणीत एकमेकांना टेकलेली स्टीलची ताटं. प्रत्येकाचा आपला एक स्वर असतो, त्या स्वराला ते वाजतं आणि पुढे गेलं की गप्प बसतं. हाताने दाबून धरा, थांबलं की सापडलं. काचांना कडेला २ मिलिमीटर जाडीच्या फेल्टच्या टिकल्या, ट्रॅकला ब्रशची पट्टी, ताटांमध्ये फडकं.

लॅमिंग्टन_रोड

वापरलेला घेणार असाल तर तीन गोष्टी बघा.

कोनच्या कडेचं सराउंड रबराचं हवं. फोमचं असेल तर मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ते काही वर्षांत भुसभुशीत होतं, बोटाने हलकं दाबलं की चुरा निघतो. पेटी आडवी करून तळ पाहा. लादी पुसताना ओलं फडकं लागून एमडीएफ (पेटीचा दाबलेल्या भुशाचा बोर्ड) फुगतं, कडा सुटलेल्या दिसतात. फुगलेली पेटी हवा गळवते आणि पोर्ट जुळत नाही. नव्या सबलाही म्हणून इंचभर पाय असू द्या.

आणि मागच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून कोणी आणून देत असेल तर तो बहुधा १२० व्होल्टचा असतो. २३० ला लावला की पहिल्याच झटक्यात फ्यूज किंवा सप्लाय जातो.

काळी_एक

शेवटचं. ब जागेसाठी अँपपासून सोफ्यामागे वायर न्यायला ९-१० मीटर लागतील. एवढ्या लांब आरसीएला गुणगुण येईल का? वायरलेस किट घेऊ का?

लॅमिंग्टन_रोड

वायरलेस नको. स्वस्त २.४ गिगाहर्ट्झच्या किटचा उशीर फेजच्या खटक्याने भरून निघत नाही आणि डग्ग्याचा घिस्सा पुन्हा तुटतो.

डिशची आरजी-६ कोअ‍ॅक्सियल किंवा वाकायला सोपी आरजी-५९ घ्या, दोन टोकांना आरसीए प्लग बसवून घ्या. शिल्डिंग चांगलं असतं आणि १० मीटरला काही होत नाही. स्कर्टिंगच्या कडेने न्या. विजेच्या वायरला समांतर नेऊ नका, ओलांडायची असेल तर काटकोनात.

तरीही ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण आली तर सबची आरसीए काढून बघा. थांबली तर अँप आणि सब दोन वेगळ्या अर्थिंगवर आहेत. दोघांना एकाच प्लगवरून एक्स्टेन्शनने वीज द्या. टीव्हीची केबल अँपला जोडलेली असेल तर ती काढून पुन्हा ऐका, कित्येकदा गुणगुण तिथूनच येते. एवढ्यानेही नाही गेली तर आरसीएमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन दोन अर्थिंगमधली जोडणी तोडणारा छोटा डबा). प्लगची अर्थिंगची जाड पिन मात्र काढू नका, गुणगुण जाते पण शॉकपासूनचं संरक्षणही जातं.

आणि सबचा ऑटो-ऑन (सिग्नल आला की आपोआप चालू, थांबला की बंद) बंद करून सरळ ऑन ठेवा. हळू आवाजातल्या आलापीत तो झोपतो आणि तबला सुरू झाल्यावर दोन-तीन मात्रा उशिरा जागा होतो.